दोन काळी वर्तुळं

कागद काही केल्या सपाट राहीना. डॉक्टर देवकुळे एक कोपरा दाबायचे, तोवर दुसरा उसळून वर यायचा. पुण्याहून दौंडमार्गे आगगाडीनं, पत्र्याच्या नळकांड्यात घालून आणलेला कागद. त्याला गुंडाळी व्हायचीच सवय लागलेली. शेवटी स्वयंपाकघरातून इंदू बाहेर आली. तिनं एका कोपऱ्यावर अडकित्ता ठेवला, दुसऱ्यावर पाण्याचा तांब्या, तिसऱ्यावर बत्ता, आणि चौथ्यावर स्वतःचा हात ठेवून ती तिथंच सतरंजीच्या कडेला बसली.

तिला बाहेर यायला कोणी सांगितलं नव्हतं. उलट सकाळपासून दोनदा बजावलं होतं, की हाक मारल्याशिवाय येऊ नकोस.

"अगं, तू आत..." शामकांत म्हणाला.

"मी हात काढला तर कागद गुंडाळेल," इंदू म्हणाली, आणि हात काढला नाही.

शामकांत तिचा नवरा. भिंगारला छावणीच्या कचेरीत कारकून होता आणि छावणीनंच दिलेल्या कौलारू चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होता. माणूस वाईट होता का? मुळीच नाही. पण जन्मभर वरच्या साहेबाची सही झाल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, ही त्याची शिस्त. घरातही तो कोणाची तरी सही शोधायचा. आज त्याला ती डॉक्टरांची हवी होती.

कोपऱ्यात हिरवी ट्रंक भरून ठेवली होती. तिच्यात लीनाची परकर-पोलकी होती, दोन फ्रॉक होते, पाटी होती, आणि अगदी वर खोबरेल तेलाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली होती. लीना आठ वर्षांची. पुण्याच्या एका वसतिगृहात तिला ठेवायचं अर्धंमुर्धं ठरलं होतं. उरलेलं अर्धं आज डॉक्टर ठरवणार होते. ते म्हणाले, की आईजवळ राहायला हरकत नाही, तर ट्रंक उघडायची. हरकत आहे म्हणाले, तर उद्या सकाळच्या गाडीनं शामकांत पोरीला घेऊन निघणार. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला शेजारी खेळायला पाठवलं होतं.

इंदूला दवाखान्यातून परत येऊन तेरा महिने झाले होते. या तेरा महिन्यांत तिनं लीनाच्या केसांना हात लावला नव्हता. म्हणजे लावू दिला नव्हता. पोरीची वेणी सासूबाई घालत. पोर झोपायची सासूबाईंच्या कुशीत. इंदूनं दळावं, कांडावं, घरभर राबावं, त्याला कोणाची ना नव्हती. पण लीना एकटी तिच्याजवळ राहता कामा नये, असा सासूबाईंचा हुकूम होता. आणि सासूबाईंचा हुकूम म्हणजे काय असतो, हे त्या चाळीत भांडी घासणाऱ्या राहीबाईलासुद्धा ठाऊक होतं.

हुकमाला कारण नव्हतं असं नाही, तेही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी इंदूला एका पुरुषाचा आवाज ऐकू येऊ लागला. घरात कोणी नसताना. सुरुवातीला ती नुसती थबकायची. मग उत्तरं देऊ लागली. आणि एक दिवस भर दुपारी, चुलीवर भात तसाच टाकून, अनवाणी, पाच वर्षांच्या लीनाचा हात धरून ती त्या माणसाला शोधायला निघाली ती थेट स्टेशनापर्यंत. पोरीच्या तळव्यांना फोड आले होते. ते फोड घरात कोणी विसरलं नव्हतं. इंदू तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. तिशीचे असतील, चेहरा कोवळा, बोलणं मोठं गोड. सासूबाई भिंतीला टेकून, गुडघा उभा धरून बसल्या होत्या. त्यांचं नाव मनकर्णाबाई.

"मी काही तुम्हाला औषध द्यायला आलेलो नाही," डॉक्टर म्हणाले. "मी अभ्यास करतोय. या रोगाला हल्ली स्किझोफ्रेनिया म्हणतात. मन दुभंगतं म्हणा. यावर सुया निघाल्या, आता तर विजेचे झटकेही निघाले. पण रोग येतो कुठून, हे कोणाला ठाऊक नाही. परदेशात शेकडो घराण्यांचे तक्ते काढलेत. आजोबा, पणजोबा, सगळे. त्यातून असं दिसतंय, की हा रक्तातून उतरतो. आपल्याकडे असं काम कोणी केलेलं नाही. मी दोन वर्षांत नव्वद घराणी केली." त्यांनी कागदावर बोट टेकवलं, आणि त्यांना राहवेना. "पण तुमच्यासारखं घराणं एकही नाही हो!"

बाजारात एकदम सरस आंबा हाती लागावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. ते त्यांच्याच लक्षात आलं आणि ते खाकरले.

"म्हणजे... अभ्यासाच्या दृष्टीनं म्हणतोय मी."

"कळलं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

कागदावर पुरुषांसाठी चौकोन होते, बायकांसाठी वर्तुळं. एकातून दुसऱ्याला जोडणाऱ्या रेघा. सगळे चौकोन, सगळी वर्तुळं पांढरी. फक्त दोन वर्तुळं शाईनं काळी करून टाकली होती. अगदी शेजारी-शेजारी.

"हे संगमनेरचे नृसिंहराव," डॉक्टर सांगू लागले. "ही त्यांची मुलगी इंदू. ही पुण्याला दवाखान्यात होती, त्रेचाळीस-चव्वेचाळीस साली. हिचे कागद मी पाहिलेत. आणि ही इंदूची सख्खी बहीण, दमयंती." त्यांनी इंदूकडे पाहून अदबीनं मान हलवली. "म्हणजे आपण. एका बापाच्या दोन्ही मुलींना तोच रोग. वर, दमयंतीबाई आतेभावाला दिलेल्या. म्हणजे रक्त पुन्हा त्याच घरात आलं. तेव्हा मुलीच्या बाबतीत, स्पष्ट बोलतो, फार काळजी घ्यावी लागेल."

इंदू हसली.

चांगली मोठ्यानं हसली. इतर कोणाच्या घरात बाई हसली तर कोणी वळून बघत नाही. इथं शामकांतच्या हातातला पेला हलला आणि मनकर्णाबाईंनी उभा गुडघा खाली घेतला. डॉक्टरांनी खिशातली वही काढली आणि पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले.

"काय लिहिलंत?" इंदूनं विचारलं.

"काही नाही. सहज."

"हसली म्हणून लिहिलंत. लिहा की. पण का हसली तेही लिहा त्याच्यापुढं. माझ्या वडिलांना मुलगी एकच आहे, डॉक्टर. ही मी." तिनं पहिल्या काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर ठेवलं. "आणि ही पण मीच."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, हे रोगाचंच लक्षण. दुभंगलेलं मन म्हणतात ते हेच. त्यांनी पुन्हा वही उघडली.

"अहो, ती बरोबर सांगतेय," शामकांत अवघडून म्हणाला. "माहेरची ती इंदू. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिहितात. मी दमयंती लिहिलं."

"तुमच्या आईनं सांगितलं म्हणून लिहिलं," इंदू म्हणाली.

"पण तुम्ही मला फॉर्म भरून पाठवलात, त्यात तर..." डॉक्टर कागद चाळू लागले. निळ्या फॉर्मवर शामकांतचं सुरेख मोडीवळणाचं अक्षर होतं. "हे बघा. 'मामांची मुलगी दमयंती, हिला सदर व्याधी झाली होती.' तुम्ही 'माझी पत्नी, माहेरची इंदू' असं का नाही लिहिलंत?"

"रकाना तसा नव्हता," शामकांत म्हणाला. "तुमच्या फॉर्मवर छापलंय, फक्त रक्ताच्या नात्यातली माणसं लिहावीत. आता बायको काही रक्ताच्या नात्यात येत नाही. मामाची मुलगी येते. म्हणून मी मामाची मुलगी लिहिली." हे सांगताना त्याला स्वतःच्या काटेकोरपणाचं जरा बरंच वाटत होतं; मग बायकोचा चेहरा बघून त्याचं बरं वाटणं ओसरलं.

"पण मग पुण्याच्या कागदात हिच्या नवऱ्याचं नाव कसं नाही? तिथं नुसतं इंदू, वडील नृसिंह, मुक्काम संगमनेर, एवढंच आहे. मला वाटलं, ही अविवाहित."

बाहेर रस्त्यावरून लष्करी लॉऱ्यांची रांग गेली, एकामागून एक, आणि फळीवरचे डबे थरथरले. लढाई संपून सहा महिने होऊन गेले होते, तरी त्यांची ये-जा थांबली नव्हती.

"मी सांगितलं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आमचं नाव तिथल्या दप्तरात नको म्हणून. माझा भाऊ घेऊन गेला तिला, त्याचंच नाव लागलं."

इंदूनं हे आज पहिल्यांदा ऐकलं. आपल्याला वडीलच का घेऊन गेले, दीड वर्षात सासरचं एक माणूस का फिरकलं नाही, याची तिनं मनाशी कितीतरी उत्तरं जुळवली होती. हे त्यांत नव्हतं. तिनं डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल घेतली, न मागता सरळ काढून घेतली, आणि दुसऱ्या काळ्या वर्तुळावर आडवी रेघ मारली. मग उभी मारली आणि पेन्सिल परत दिली.

"ही बाई नाहीच," ती म्हणाली. "झालं एक कमी."

डॉक्टर प्रामाणिक होते, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. ते रागावले नाहीत. नव्वद घराण्यांतलं सर्वांत मोलाचं घराणं डोळ्यांदेखत विरघळलं, तरी ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी येऊन विचारायला हवं होतं."

"म्हणजे आता धोका नाही?" शामकांत पुढे सरकला. "म्हणजे लीनाला इथं ठेवायला..."

"धोका कमी झाला. पण तो प्रश्न नुसत्या रक्ताचा नाही ना." डॉक्टरांनी चष्मा नीट केला आणि ते इंदूकडे वळले. आता त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "बाई, मला एक विचारायचंय. खरं सांगा. तो आवाज अजून ऐकू येतो?"

या प्रश्नाचं उत्तर घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे, कोणतं उत्तर द्यायचं ते. नाही. एवढं एक 'नाही' म्हणायचं, ट्रंक उघडायची, तेलाची बाटली फळीवर ठेवायची. शामकांतनं तर डोळ्यांनीच तिला विनवलं. आणि भिंतीपाशी बसलेल्या मनकर्णाबाईंनी, हे इंदूला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं, अगदी बारीक अशी मान हलवली. नाही म्हण.

इंदूला दवाखान्यातल्या सुया आठवल्या. सुई टोचली, की पाठीच्या मणक्यापासून अंग पिळवटून टाकणारी आकडी यायची, आणि आकडीच्या आधीचे ते दोन-तीन क्षण असे असायचे, की माणूस मरणाच्या हातापाया पडेल. अशा बावीस सुया. तिथल्या बायका एकमेकींना शिकवायच्या, विचारलं की 'नाही' म्हणावं. इंदूही म्हणाली होती. 'नाही' म्हणूनच ती सुटून आली होती.

"येतो," ती म्हणाली.

शामकांतनं पेला खाली ठेवला.

"रोज?"

"रोज नाही. नळाला पाणी आलं, की येतो. जात्यावर बसले, की येतो. तोच माणूस आहे. काही भलतंसलतं सांगत नाही, नुसत्या चुका काढतो. 'ही बघा, मीठ विसरली. ही बघा, हिनं दाराला कडी नाही घातली.' पूर्वी मी भांडायचे त्याच्याशी. आता भांडत नाही."

"मग काय करता?"

"चाखून बघते. तो म्हणाला, मीठ नाही, की मी आमटी चाखते. मीठ असतं. तो म्हणाला, कडी नाही, की मी जाऊन कडीला हात लावते. कडी असते. गेल्या वर्षभरात तो एकदाच खरा निघाला, दूध उतू गेलं होतं तेव्हा. बाकी सगळं खोटं. मग मी पुढचं काम करते. बोलतोय तर बोलू दे मेल्याला."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली होती. त्यांच्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. हातानं कडी चाचपून बघणारी बाई कोणत्या रकान्यात घालायची? पण ते शेवटी डॉक्टर होते. त्यांनी एक उसासा टाकला आणि जे म्हणायचं ते म्हणाले.

"तुमचं धैर्य मोठं आहे. पण आवाज येतोय म्हणजे रोग आहे. आज तुम्ही चाखून बघता. उद्या तुम्हाला ते सुधरलं नाही तर? मुलगी लहान आहे. माझं मत विचाराल, तर काही वर्षं तरी तिला लांब..."

"ठीक आहे," शामकांत म्हणाला, आणि उठून ट्रंकेजवळ गेला. सही झाली होती.

"थांबा," इंदू म्हणाली.

तिचा आवाज चढला होता. चढला तर चढला. "मी 'नाही' म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, बाई बरी झाली, पोर राहू द्या. खोटं बोलले असते तर पोर माझी. आणि खरं बोलले म्हणून पोर गाडीत बसणार? डॉक्टर, तुम्ही नव्वद घरं फिरलात. नव्वद घरांत तुम्हाला खरं किती जणांनी सांगितलं?"

डॉक्टरांनी हातातली वही मिटली.

"मी तिला उन्हात नेली होती. माझ्या पोरीच्या पायांना फोड आले, ते माझ्यामुळे. ते मी कबूल करते, रोज करते. पण तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, की असं काही असतं, की ऐकू येतं आणि नसतं. आता मला ठाऊक आहे. तेव्हापेक्षा मी आता शहाणी आहे, तर आता तुम्ही तिला नेताय!"

तिनं कागदाच्या कोपऱ्यावरचा हात काढून घेतला. कागदानं तांब्या कलंडवला, पाणी सांडलं, बत्ता घरंगळत भिंतीला लागला, आणि सगळं घराणं पुन्हा गुंडाळी होऊन डॉक्टरांच्या गुडघ्याशी येऊन पडलं.

मनकर्णाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एक एक पाय सरळ करत. त्यांनी तांब्या उचलून उभा ठेवला, पदरानं पाणी टिपलं, आणि डॉक्टरांसमोर बसून गुंडाळी स्वतः उलगडली. वाचता येत नव्हतं असं नाही. मराठी तिसरीपर्यंत शिकल्या होत्या.

"यात मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी शोधलं. "नृसिंहरावांची बहीण साळू, असं लिहिलंय." मग ते स्वतःच थबकले; चूक एकदाच करायची, हे त्यांनी ठरवलं असावं. "साळू म्हणजे आपणच ना?"

"मीच. लग्नात मनकर्णा झाले. ते काळं करा."

"काय?"

"ते वर्तुळ हो. इथं काळी शाई भरा."

"आई!" शामकांत म्हणाला.

"तू गप्प बस. तू सहा वर्षांचा होतास." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "मानमोडीची साथ आली होती, ऐकलंय का? अठरा साली. माझी दोन लेकरं आठ दिवसांत गेली. बाळू आणि अंगावरची तान्ही. तान्ही गेली ती गेली. पण बाळू महिन्यानं परत आला. रांजणातून. पाणी काढायला गेले, की आतून रडायचा. 'आई, मला वर काढ.' मी दिवसदिवस रांजणात हात घालून बसायचे. पाणी उपसून टाकायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा उपसायचे."

राहीबाई मागच्या दारी भांडी घासत होती, तिचा हात थांबला असावा, कारण राखेची खरखर ऐकू येईनाशी झाली.

"मग आपल्याला दवाखान्यात..." डॉक्टर म्हणाले.

"छे! माझ्या सासूनं सांगितलं, सुनेच्या अंगात देवी आली. पाटावर बसवलं, मळवट भरला. दर मंगळवारी आळीतल्या बायका माझी ओटी भरायच्या, पाया पडायच्या, पोरीला स्थळ कधी येईल म्हणून विचारायच्या. मी काहीतरी सांगायचे. मला देवीबिवी काही दिसली नव्हती हो. माझं पोर रडत होतं. पण माझ्या वेळी त्याला रोग म्हणत नव्हते, पाया पडत होते, म्हणून मी घरात राहिले. या शामला मीच न्हाऊमाखू घातलं. याच्या दोघी बहिणी त्यानंतरच्या. दोघी सासरी नांदतायत. एकाच्याही अंगाला मी ओरखडा येऊ दिला नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई," शामकांतच्या तोंडून आपोआप 'तुम्ही' आलं.

"काय बोलू? हिला तुळशीपाशी उभी राहून कोणाशी तरी बोलताना पाहिलं, तेव्हाच मला तो रांजण आठवला. माझ्याच भावाची पोर, मीच हट्टानं करून आणलेली. वाटलं, माझंच हिच्यात उतरलं. आता माझ्या नातीत उतरेल. म्हणून नाव नको म्हटलं दप्तरात. म्हणून पोरीला हिच्याजवळ जाऊ दिलं नाही." त्या इंदूकडे बघत नव्हत्या. कागदाकडे बघत होत्या. "भ्याले मी. दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी दौत काढली, टाक बुडवला, आणि साळूच्या वर्तुळात शाई भरू लागले. हात अगदी सावकाश चालला होता. वर्तुळ भरल्यावर त्यांनी कागदाकडे पाहिलं.

"आकडा तोच राहिला," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन."

"असू दे की."

"एक रकाना राहिलाय. आवाज कोणत्या साली बंद झाले?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हे पोर शिकलंय खरं, पण...

"बंद झाले असं मी कुठं म्हटलं?" त्या म्हणाल्या. "दिवसाआड येतो. आता रडत नाही. नुसती हाक मारतो. मी 'ओ' देत नाही मोठ्यानं. मनात देते."

शामकांत ट्रंकेवरच बसला. चौतीस वर्षांचा माणूस, या बाईच्या हातचं रोज दोन वेळा जेवत आला होता.

मागच्या दारातून राहीबाईनं डोकावलं. "बाई, पोरगी आली शेजारून. केसांत लई गवत भरून आनलंय. हात धुतीय, भूक लागली म्हनती."

"शाम, ऊठ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ती ट्रंक माळ्यावर टाक. आधी तेलाची बाटली काढ तिच्यातली."

शामकांतनं डॉक्टरांकडे पाहिलं. सवयच ती. डॉक्टर टाक हातात धरून त्या मोकळ्या रकान्याकडे बघत होते. त्यांच्याकडून आज कसलीच सही मिळणार नव्हती. मग तो उठला, आणि ट्रंक उघडली.

लीना पायरीवर बसून गुळाचा खडा चघळत होती. मनकर्णाबाईंनी फणी आणि बाटली इंदूच्या हातात ठेवली.

"इंदे," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी या नावानं तिला हाक मारली नव्हती. "पोरीची वेणी घाल. मला स्वयंपाकाचं बघू दे, डॉक्टर जेवून जातील."

इंदू लेकीच्या मागं बसली. तिनं आधी गवताची एक एक काडी वेचून काढली. पोर जरा अंग चोरून बसली होती, मग सैल झाली. तेल कोमट नव्हतं, ते तिनं तळहातावर चोळून कोमट केलं. टाळूवर हात ठेवून ते जिरवलं. मग फणीच्या टोकानं कपाळापासून मानेपर्यंत भांग पाडला.

चाळीच्या टोकाला नळाला पाणी आलं. बादल्या वाजल्या.

'ही बघा,' तो म्हणाला, 'भांग वाकडा पाडला.'

इंदूनं वाकून पाहिलं. बोट फिरवून पाहिलं. मग तिनं आत बघून हाक मारली.

"आत्या, भांग वाकडा पडलाय का गं?"

मनकर्णाबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. नळाच्या आवाजाकडे त्यांनी क्षणभर कान दिला. मग खाली वाकून, डोळे बारीक करून, नातीच्या भांगाकडे नीट पाहिलं.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या. "घाल तू पुढं."